पात्यावर अडकलेला कापूस

सर,

तुमचा जोड सुटला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला लांबण लावलेली आवडायची नाही आणि मला लांबण लावल्याशिवाय काही सांगता येत नाही, हे तुम्ही मला पंधराव्या वर्षीच ऐकवलं होतं. माझ्या धनुष्याचं वरचं पातं मोडलं ते तुम्ही चिकटवलेल्या जागेपासून चांगलं चार बोटं वर मोडलं. तुमचा डिंक जिथल्या तिथं आहे. काल दुपारी तुमच्याच घरी पलंगावर सतरंजी टाकून मी चारी पाती शेजारी शेजारी मांडली, खिडकीकडं धरून बघितली, जोडावरनं नख फिरवलं, मग काकूंची सुई मागून घेतली. सुईचं टोकसुद्धा शिरत नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि ते पातं मोडल्याला तीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुम्ही ते बोचकं एकदाही सोडून बघितलं नाहीत. शहाणी माणसं असं करतात का हो?

झालं असं, की परवा काकूंचा फोन आला. "पोरगी मला पुण्याला न्यायलीय. घर भाड्यानं द्यायचंय म्हणं. माळ्यावर ह्यांचं धनुष्याचं बोचकं हाय, भंगारवाल्याला देऊ का तू येतीस?" मी म्हटलं, काकू, हात लावू नका, मी आलेच. तुम्ही गेलात तेव्हा होते त्याच शाळेत मी अजून खेळ शिकवते, फरक एवढाच की आता मागच्या मैदानावर सतरा मुली बाण सोडतात. काल सकाळची शाळा सुटल्याबरोबर वाळूजहून स्कूटी काढली आणि जालना रोडची सगळी गर्दी पार करत चिकलठाण्याला पोचले तोवर तोंडावर धुळीचा थर बसला होता. काकू दारातच उभ्या. स्वतः वाळून काटकी झाल्यात, पण मला बघून पहिलं वाक्य काय, तर "किती सुटलीस गं!" घर तसंच आहे. ओट्याखाली तुमची पटाशी अजून आहे, काकू तिनं नारळ फोडतात. तुम्ही बघितलं असतंत तर घर डोक्यावर घेतलं असतंत.

बोचकी दोन निघाली. एक नीट शिवलेली कापडी पिशवी, त्यात तुमची पाती आणि मधली मूठ. दुसरं तुमच्या खाकी शर्टात गुंडाळलेलं, वर सुतळीच्या अकरा गाठी, काकूंनी रागाच्या भरात मारलेल्या. त्या सोडवताना माझं नख मोडलं. हल्लीच्या मुलींना ही जुनी तीन तुकड्यांची धनुष्यं दाखवली की हसतात. त्यांची पाती मुठीत खटकन बसतात. आपल्या पात्यांना बुडाशी भोक असायचं, त्यातून बोल्ट घालून आवळायचं, आणि किती आवळायचं ते तुमच्या मनगटालाच कळायचं. मैदानावर सगळे इंग्रजीतलं 'लिंब' म्हणायचे, तुम्ही मात्र शेवटपर्यंत पातं म्हणालात. वरचं पातं, खालचं पातं, आत लाकूड, दोन्ही अंगांना फायबर. पंजाबातल्या कुणा खेळाडूनं वापरून टाकलेल्या त्या दोन जोड्या तुम्ही रेल्वेच्या डब्यात मांडीवर घेऊन आणल्या होत्यात. एकीवर ओढीचे पौंड शाईनं चौतीस लिहिलेले, ती माझी. दुसरीवर अडतीस, ती तुमची.

आधी तुमची जोडी बघितली, तुम्ही शिकवलं त्याच क्रमानं. मुठीला लावली, दोरी चढवली, लांब धरून एका डोळ्यानं बघितलं. दोरी दोन्ही पात्यांच्या मधोमध, केसभर इकडं ना तिकडं. शाळेतला ताण मोजायचा काटा नेला होता, त्यावर ओढली. अडतीसाचं छत्तीस झालंय. तीस वर्षांत दोनच उतरलं, सर, मी मात्र उलट्या दिशेनं गेले. मग माझी जोडी काढली. खालचं पातं अख्खं, वरच्याचे दोन तुकडे. अख्ख्याशेजारी मोडकं ठेवलं, बुडाला बूड लावून, आणि तेव्हा ते दिसलं. तुमचा जोड बुडापासून वीतभरात संपलेला, आणि मोड त्याच्या वर, निराळ्याच जागी. जुळं शेजारी नसतं तर मोडक्या तुकड्यावरून काही उमजलं नसतं, सगळे थर फाटून पिंजारलेत.

मी काकूंना दाखवलं. त्या पलंगाच्या दुसऱ्या टोकाला वाती वळत बसल्या होत्या, देवगावहून तुमच्या पुतण्यानं पाठवलेल्या कापसाची टोपली मांडीशी. त्यांनी चष्मा लावून जोडावर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं. मग टोपली बाजूला सारली आणि तुमच्या फोटोकडं बघून म्हणाल्या, "अरं येड्या माणसा, एकदा बघायचं तरी हुतं!" आणि रडायला लागल्या. मी पाणी आणलं. पाणी पिऊन झाल्यावर डोळे पुसत त्यांनी विचारलं, "मग मोडलं कशानं गं?" मी काय उत्तर दिलं ते सांगते, पण त्याआधी तुम्हाला बाकीचं ठाऊक पाहिजे.

तुम्ही मला पहिल्या दिवशी बाणाला हात लावू दिला नव्हतात. फाउंड्रीच्या कॉलनीमागचं ते मैदान, गवताच्या पेंढ्या बांधून केलेली निशाणं, आणि तुम्ही पॅटर्न शॉपमधून थेट आलेले, भुवयांवर लाकडाचा भुसा. लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना करायचा, हे तुमचं काम. केसाच्या फरकानं माल वाया जातो, असं तुम्ही सांगायचात आणि तसंच आम्हालाही वागवायचात. मला आई सोडायला आली होती, दवाखान्यातली पाळी करून. "जयभीम सर, पोरीला लई नाद लागलाय," ती म्हणाली. तुम्ही "जयभीम बाई" म्हणालात, आणि आई गेल्यावर माझ्याकडं वळून पहिली ताकीद दिलीत. "ध्यान दे पोरी. रिकामी दोरी कधी सोडायची नाय. बाण असला की जोर बाण घेऊन जातो. बाण नसला की तोच जोर माघारी पात्यात घुसतो." मग खिशातून कापसाचं बोंड काढलंत, खरंखुरं, शेतातलं, आणि ते पात्याच्या कडेनं हलक्या हातानं फिरवलंत. डोळ्याला न दिसणारा तडा कापसाला लागतो, एक तंतू तरी अडकतोच. रोज जोडायच्या आधी आणि सोडल्यावर कापूस फिरवायचा, हा तुमचा नियम. त्याला जोडून दुसरा नियम होता, तो तुम्ही घरीदारी इतक्यांदा म्हणायचात की काकूंनाही पाठ आहे. "एका पात्याला तडा गेला तर लाकडाचा दोष. दोन्हीला सारख्याच जागी गेला तर माणसाचा."

माझं वरचं पातं बुडाशी उकललं ते दिवाळीच्या सुट्टीत. फायबरचा थर नखाएवढा वर आला होता. मी रडकुंडीला आले, कारण विभागाची निवड दीड महिन्यावर आली होती. तुम्ही म्हणालात, "रडतीस कशापायी? मी मेलोय का?" आणि ते पातं घरी नेलंत. काकूंच्या ओट्यावर बसून तुम्ही ते खरवडलंत, दोन डब्यांतला डिंक मेणबत्तीच्या धगीवर कालवलात, मेणकागद लावून सहा शिकंजे आवळलेत आणि गोणपाट पांघरून ते गच्चीवर उन्हात ठेवलंत. दोन दिवस कुणाला जिन्यानं वर जाऊ दिलं नाही, काकूंचे पापडसुद्धा अडले. तेव्हा जालन्याहून, कन्नडहून माणसं तुमच्याकडं धनुष्यं घेऊन यायची. "हे पातं परत उकललं तर मिशी उतरवीन," असं तुम्ही मला म्हणालात. ते उकललं नाही, सर. मिशी उतरवायची काही गरज नव्हती.

आता ऐका. निवडीच्या चार दिवस आधी, संध्याकाळचा सराव संपवून तुम्ही बाणांची पेटी कुलूप लावून नेलीत आणि धनुष्य सोडून पिशवीत भरायचं काम रोजच्यासारखं माझ्यावर टाकलंत. कॉलनीतली एक मुलगी कुंपणाशी उभी होती, मॅनेजरची, स्कर्ट-बूटवाली. म्हणाली, "एवढंसं धनुष्य, ह्याला काय जोर असणार?" मला झोंबलं. बाण पेटीत, पेटी तुमच्या सायकलवर. मी दोरी ओढली, गालापर्यंत आणली, आणि सोडली. नेहमीचा आवाज नव्हता तो. फाट् असा कोरडा आवाज झाला आणि दोन्ही हातांना मुंग्या आल्या. ती पोरगी "बस?" म्हणून निघून गेली. तिला आज हे आठवतही नसेल.

मी पाती सोडवली आणि वरच्या पात्यावरून कापूस फिरवला. मधल्या अंगाला, कडेवर, एक तंतू अडकला. मी तो नखानं काढला. पुन्हा फिरवला, पुन्हा अडकला. पुन्हा काढला. मग कापूस फेकून दिला आणि पाती पिशवीत भरली. खालच्या पात्यावर तर फिरवलाच नाही, माझी हिंमतच झाली नाही. तुम्हाला सांगितलं तर पातं बाद होणार, मला बांबूच्या धनुष्यावर निवडीला जावं लागणार, आणि मग कसली निवड नि कसलं काय. चार दिवस निघतील, असं मी मनाशी म्हटलं. निवड झाली की सांगू.

चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही माझं धनुष्य जोडताय. कापूस फिरवायचं काम माझ्याकडं, म्हणून तुम्ही तो पुन्हा फिरवत नाही. बसस्टँडवर जायची रिक्षा दारात उभी आहे. तुम्ही म्हणता, "थांब, एकदा ताण बघून देतो," बाण लावता आणि ओढता. मी दोन पावलांवर उभी आहे आणि माझं तोंड उघडंच आहे, सर, खरंच उघडं आहे, शब्द जिभेवर आहे. तेवढ्यात पातं मोडतं. वरचा तुकडा दोरीसकट फिरून तुमच्या भुवईवर बसतो आणि तुम्ही खाली बसता, एकदम, पोतं टेकवल्यासारखे. रक्त डोळ्यात उतरतं. काकू पदर फाडतात. दवाखान्यात माझीच आई पाळीवर होती, टाके घालताना तिनं तुमचं डोकं धरलं. सहा टाके. डोळा थोडक्यात वाचला. आणि टाके घालून होताच तुम्ही पहिलं काय बोललात? "जोड सुटला. चूक माझी. पोरीच्या हातात मोडलं असतं म्हंजी?" मग काकूंना म्हणालात, माझी अडतीसाची पाती पोरीला द्या, रिक्षा थांबलीय.

मी गेले. चार पौंड जास्तीची पाती ओढून खांदे भरून आले, पण निवड झाली. पुढं सहा वर्षं मी तुमच्याच पात्यांवर खेळले, मग ती तुम्हाला परत आणून दिली; त्या खेळाच्याच प्रमाणपत्रांवर ही नोकरी लागली. तुमच्या हातात मात्र त्यानंतर मी कधी धनुष्य बघितलं नाही. शिकवत राहिलात, शिट्टी आणि काठी घेऊन. जालन्याचा माणूस आला तर "नजर राह्यली नाय आता" म्हणून परत पाठवलात. शिकंजे गल्लीतल्या सुताराला देऊन टाकलेत. नजरेला काय झालं होतं तुमच्या? सत्तर मीटरवरचा बाण कुठं लागला ते तुम्ही माझ्याआधी सांगायचात! एकदा मी कॉलेजच्या कुठल्याशा सहीसाठी फाउंड्रीत आले होते. तुम्ही एका नमुन्याचा जोड दाबून धरला होता, आणि शेजारच्या, तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान कामगाराला म्हणालात, "बघ रं जरा, बसलाय का नीट?" तुम्ही! दुसऱ्याला विचारताय! मी सही न घेताच माघारी फिरले आणि गेटबाहेर उभी राहून पोटभर रडले. त्या दिवशी सांगता आलं असतं. त्यानंतरही सांगता आलं असतं, माझ्या लग्नात, तुम्ही निवृत्त झालात तेव्हा, किती तरी वेळा. जितके दिवस जात होते तितकं ते जड होत होतं.

शेवटच्या आजारपणात मी तुमच्या उशाशी बसले होते. तुम्ही भुवईवरच्या त्या पांढऱ्या रेघेवर बोट फिरवत होतात. म्हणालात, "आयुष्यात तेवढा एक जोड चुकला बघ माझा." मी काय म्हटलं, आठवतंय? "सर, झोपा आता." एवढंच म्हटलं मी. तुमचं पांघरूण नीट केलं आणि शाळेला उशीर होतोय म्हणून निघाले. लाज वाटते मला, सर. तुमच्या सरणापाशी सगळे म्हणत होते, पोरीसारखी पोरगी, किती केलं तिनं सरांचं.

तर काल काकूंनी विचारलं, मग मोडलं कशानं. मी म्हटलं, "लाकूड जुनं होतं, काकू. आतून गेलं असेल." त्यांना पटलं. "लाकडाचाच दोष म्हण की," असं म्हणून त्या हसल्यासुद्धा. मग पुण्याला मुलीला फोन लावून मोठ्यानं सांगितलं, तुझ्या बापाचा जोड सुटला नव्हता बरं का, आपल्या मास्तरीणबाईनं शोधून काढलं. मला जाताना लाडू बांधून दिले. मी ते घेतले. घरी येईपर्यंत स्कूटीच्या हुकाला लटकत होते, अजून डबा उघडलेला नाही.

काकू रविवारी निघायच्यात. तुमची अडतीसाची जोडी त्या पुण्याला नेणार आहेत, भिंतीवर लावायला. माझी दोन्ही पाती मी "मुलींना दाखवायला होतील" म्हणून मागून आणलीत, आणि हे पत्र त्या पात्यांच्याच बोचक्यात घालून ठेवणार आहे. रविवारच्या आत चिकलठाण्याला एक चक्कर मारायची असं मी सकाळपासून चार वेळा ठरवलंय. स्कूटीत पेट्रोलही भरून आणलं. पण मला मी चांगली ओळखते, म्हणून वचन देत नाही.

एक मात्र राहिलं. जोड बघून झाल्यावर, काकू पाणी पिऊन शांत झाल्यावर, त्यांनीच टोपलीतला कापूस माझ्यापुढं केला होता. "ह्यांची रीत हाय, फिरव एकदा." मी चारी पात्यांवर फिरवला. तुमच्या दोन्हींवरून सरळ निघून गेला. मोडक्यावर अडकणारच होता, अडकला. मग ते खालचं घेतलं, जे मोडलं नाही, ज्याला आपण सगळे इतकी वर्षं धड म्हणत आलो. बरोबर त्याच उंचीवर, वरचं जिथं मोडलं होतं तिथंच, एक तंतू अडकला आणि खिडकीतल्या वाऱ्यावर हलायला लागला. काकू पदरानं चष्मा पुसत होत्या. "दुसऱ्यावर अडकला का गं?" त्यांनी विचारलं. मी "नाही काकू" म्हटलं, आणि त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवायच्या आत तो नखानं काढून टाकला.